पावसाची सुट्टी सुट्टीच राहू द्या

प्रति,
पुणे शहरातल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षण विभागातले अधिकारी यांस

विषय : सुट्टीच्या दिवशी भरवल्या जाणाऱ्या ऑनलाइन तासांबाबत

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, घाटमाथ्यावर पाऊस वाढला, खडकवासल्यातून पाणी सोडायला लागले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, की पुण्यात पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मोबाइलवर फिरायला लागतो : उद्या शाळांना सुट्टी. त्याखाली मुलं नाचणारी चित्रं टाकतात. आणि त्यांचा नाच संपायच्या आत शाळेच्या ग्रुपवर दुसरा निरोप येऊन पडतो : 'उद्या शाळा प्रत्यक्ष भरणार नाही. सर्व तासिका वेळापत्रकानुसार ऑनलाइन होतील. लिंक सकाळी पाठवण्यात येईल. शिक्षकांनी उपस्थिती व स्क्रीनशॉट कार्यालयात जमा करावेत.'

शाळा बंद असताना कार्यालयात स्क्रीनशॉट कसे जमा करायचे, हे मला अजून उमगलेलं नाही. पण तो मुद्दा सोडा.

मी शहरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात दांडेकर पुलाजवळची, जनता वसाहतीतली, आंबिल ओढ्याच्या काठची मुलं आहेत, थोडी सहकारनगरच्या सोसायट्यांमधलीही आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की सुट्टी जाहीर झाली असेल तर ती सुट्टी असू द्या. बुडालेला दिवस नंतर भरून घ्या, आम्ही कुरकुर न करता येऊ. बरं, थोडी कुरकुर करू, पण येऊ. त्या दिवशीचा ऑनलाइन तास मात्र बंद करा. कारण तो तास होतच नाही, होतो तो तासाचा पंचनामा.

मला ऑनलाइन शिकवणं जमत नाही म्हणून मी हे लिहितेय, असा समज होऊ नये. जमतं. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा आपल्यापैकी कुणाला काय येत होतं? 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणत जे हाताशी होतं ते वापरलं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवून घेता येत होत्या, धड्यांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडत होते, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे पाठ लागायला लागले. त्या टीव्हीवरच्या पाठांबद्दल मला आजही आदर आहे. त्यांना नेटपॅक लागत नव्हता, आणि घरातल्या आज्याही ते मन लावून बघायच्या.

आम्ही शिक्षकांनी तेव्हा स्वयंपाकघरात वर्ग थाटले. डाळीच्या डब्यावर मसाल्याचा डबा, त्याला टेकून फोन. वहीवर गणित सोडवून दाखवायचं असेल तर दोन स्टुलांवर पाट आडवा टाकायचा, पाटाच्या कडेला फोन पालथा ठेवायचा, जेणेकरून कॅमेऱ्याचा डोळा खालच्या वहीवर येईल, आणि फोन पडू नये म्हणून वर खलबत्ता. त्या काळात घरी कुणी खलबत्ता मागितला की मी घड्याळ बघून सांगायची, आत्ता नाही, कोनदुभाजक चाललाय.

हजेरी हा तर वेगळाच प्रकार होता. मुलं आई-वडिलांच्या फोनवरून यायची, त्यामुळे पडद्यावर मुलांची नावं नसायचीच. 'रेडमी नोट सेव्हन', 'पप्पा नवीन', 'श्री स्वामी समर्थ', 'आई जिओ', असा पट. एका मुलाचे वडील मालवाहतूक करायचे, तो वर्षभर 'टेम्पो भाड्याने मिळेल' या नावाने बसला. 'टेम्पो भाड्याने मिळेल, गृहपाठ कुठाय?' असं मी भर वर्गात विचारलेलं आहे आणि 'बाई, वही मामाकडे राहिली' असं उत्तर ऐकलेलं आहे.

पाढे म्हणण्याचा नाद मात्र मला लवकर सोडावा लागला. वर्गात चाळीस मुलांनी एका सुरात सोळाचा पाढा म्हटला की खिडकीची काच थरथरते. ऑनलाइन काय व्हायचं, की सहकारनगर 'सोळा साते बारोदरसे'ला पोचलेलं असायचं, दांडेकर पूल अजून 'सोळा चोक चौसष्ट'वर, आणि जनता वसाहतीतून, टेकडीच्या पार वरच्या अंगाने, सगळं संपल्यावर एकटा बारीक आवाज यायचा : 'सोळा दुणे बत्तीस'. रेंज कुठे किती आहे याचा नकाशा त्या पाढ्यावरून काढता आला असता.

आणि विज्ञान! सातवीला ध्वनीचा पाठ आहे. ध्वनी कंपनातून निर्माण होतो, हे सांगून उपयोग नाही, ऐकवावं लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा मी घरी आणला होता. रबरी ठोकळ्यावर आपटला, फोनजवळ धरला. 'ऐकू येतंय?' 'नाही, बाई.' पुन्हा आपटला. 'आता?' 'बाई, तुमचे फक्त ओठ हलतायत.' माझ्या भाच्याने नंतर उलगडा केला. ही ॲपं माणसाचा आवाज ठेवतात आणि पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. नादकाट्याइतका शुद्ध एकसुरी आवाज दुसरा कुठला? तो बिचारा गोंगाटात जमा झाला. त्याच तासाला कुणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी मात्र सगळ्या वर्गाला ठणठणीत ऐकू गेली. मग ध्वनीचा पाठ मी त्या शिट्टीवरच घेतला. वाफ, भोक, कंपन. मुलांना तो अजून आठवतो.

वह्या तपासणं म्हणजे आडवे, अंधारे, अंगठ्यासकट काढलेले फोटो. वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली तर मागची भिंत धूसर करणारी सोय वहीलाही भिंत समजायची, आणि मुलगा बिचारा हवेत काहीतरी धरून उभा. माझ्या फोनच्या गॅलरीत भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंमध्ये सत्तावीस आणि छत्तीसचा लसावि अजून सापडतो. चुकलेला.

पालकांबद्दल फार लिहीत नाही, कारण पालक हे वाचणार आहेत. एका आजोबांचा उल्लेख मात्र करायलाच हवा. ते रोज नातवाशेजारी, पडद्याच्या जरा बाहेर, पूर्ण तास बसायचे. मी मसावि विचारला, नातू छताकडे बघत होता, आणि बाजूने खणखणीत आवाज आला, 'बारा!' मी म्हटलं, 'आजोबा, त्याला सांगू द्या ना.' तर म्हणाले, 'अहो बाई, केव्हाची वाट बघतोय, तो सांगेल म्हणून.' उत्तर बरोबर होतं, हे नमूद करते. एका मुलीने नेट अडकल्याचं सोंग आणून, डोळे न मिटता, तोंड अर्धवट उघडं ठेवून मूर्तीसारखं बसून दाखवलं होतं. सोंग उत्तम होतं. फक्त तिच्या मागे तिची आजी निवांत गवार मोडत बसली होती आणि गवार काही अडकली नव्हती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं, कारण तेव्हा आमच्यापुढे महिनेच्या महिने होते. चुका करायला वेळ होता. हळूहळू कळलं की दिवसभर तास घेण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात एकच फोन आहे आणि तो घेऊन वडील सकाळी कामावर जातात, त्यांचा तास रात्री आठनंतरच घ्यायचा. लहान गट करायचे. जे बोलून सांगायचं ते आवाजाच्या निरोपात रेकॉर्ड करून पाठवायचं, म्हणजे मुलाला फोन मिळेल तेव्हा तो ऐकेल. तीन भावंडांत एक फोन असेल तर तिघांच्या बाईंनी आपापसात वेळा ठरवून घ्यायच्या. हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. शिक्षकांनी एकमेकांना फोन करून करून बसवलेली घडी होती ती, आणि ती बसायला अर्धं वर्ष गेलं.

पावसाच्या एका दिवसात ती घडी कशी बसणार? सकाळी सात वाजता लिंक येते. वडील फोन घेऊन गेलेले असतात, किंवा गेले नसले तर त्यांनाही फोन हवा असतो, कारण कुठला रस्ता बंद आहे ते बघायचं असतं. ज्या घरात लॅपटॉप आहे तिथे आईची मीटिंग, वडिलांची मीटिंग आणि ताईचं कॉलेज एका वायफायवर लोंबकळत असतं. वादळी पावसात कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि वीज गेली की वायफायही जातं. माझा पहिला तास 'बाई, आवाज येतोय का', 'बाई, मी आत आलो का' आणि 'बाई, दादाला पण आत घ्या, तो माझ्या शेजारीच आहे' यात संपतो. फुकटातलं ॲप चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडतं. त्याच्याइतकी समज आपल्या वेळापत्रकाला नाही.

कारण तुमच्या निरोपात 'वेळापत्रकानुसार' असा शब्द असतो. वेळापत्रकात आठ तासिका आहेत, त्यातली एक शारीरिक शिक्षणाची. आमच्या क्रीडाशिक्षकांनी गेल्या पावसाळ्यात ती खरोखर घेतली, वरच्या मजल्यावरची पोरं खालच्या मजल्याच्या डोक्यावर उड्या मारत होती. आठवण करून देते, की महासाथीच्या ऐन काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, असं त्यात होतं. मुलं महिनोन् महिने घरात कोंडलेली असतानाही दोन पुरेत म्हटलं होतं. मग एका पावसाच्या दिवसाला आठ कशासाठी?

कशासाठी, ते आम्हाला ठाऊक आहे. स्क्रीनशॉटसाठी. तो आता तासाचा गाभाच झालाय. तासाच्या सुरुवातीला एक, शेवटी एक, मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत, वर तारीख-वेळ दिसली पाहिजे. 'मुलांनो, कॅमेरे सुरू करा, फोटो काढायचाय' म्हटलं की अख्खा वर्ग सजीव होतो. कुणी केस विंचरून येतं, कुणी टॉवेल बदलून येतं, एकीने गळ्यात आयकार्ड घातलं होतं. फोटो काढला की निम्मे गुल. मग उरलेल्यांना मी अपूर्णांक शिकवते, आणि उदाहरण समोरच असतं. संध्याकाळी ते फोटो क्रमाने लावून, नावं टाकून, कार्यालयाला पाठवायचे. टाचण काढायला लागतो त्याहून जास्त वेळ याला लागतो.

इथवर मी हसतखेळत लिहिलं. पुढचं तसं लिहिता येणार नाही.

सुट्टी का दिली जाते? जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि सुट्टीचा आदेश ते त्या नात्याने काढतात. म्हणजे त्या दिवशी शहरात काहीतरी धोक्याचं चाललेलं असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. माझ्या वर्गातली काही मुलं तेव्हा बालवाडीत किंवा पहिलीत होती आणि ओढ्याकाठी राहत होती. पाऊस वाढला की ती वर्गात खिडकीकडे बघतात, फळ्याकडे नाही. २५ जुलै २०२४ ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी ज्या घरांत पाणी येऊ शकतं तिथली माणसं काय करत असतात? गॅसची टाकी वर चढवतात, रेशनचं धान्य पोटमाळ्यावर ठेवतात, कागदपत्रं पिशवीत बांधतात. या कामात सातवीतली मुलगी म्हणजे पूर्ण हात असतो. फोन जपून वापरायचा असतो, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि बाहेरून मदत मागायची तर तेवढाच एक फोन.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी स्क्रीनशॉटसाठी कॅमेरे सुरू करायला सांगितले. एका मुलीने सुरू केला. तिच्यामागे फळा होता. खराखुरा, भिंतीतला, वर खडूने सुविचार आणि पटसंख्या लिहिलेला फळा. क्षणभर वाटलं, ही शाळेत कशी? ती शाळेतच होती. रात्री वस्तीत पाणी येईल म्हणून त्यांना जवळच्या महापालिकेच्या शाळेत हलवलं होतं. बाकं भिंतीला लावलेली, खाली गाद्या, एका बाकावर शेगडी, खिडकीच्या गजांना ओल्या चादरी. 'बाई, मी जाऊ का? इथे चार्जिंगला नंबर लावलाय, माझा आला,' ती म्हणाली.

ती त्या दिवशी हजर होती. तुमच्याकडे स्क्रीनशॉट आहे.

आता तुमची बाजू. दिवस भरायचे असतात, हे मला कळतं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय : पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. सुट्ट्या वाढल्या की हा हिशेब चुकतो, वर विचारणा होते, केंद्रप्रमुख येतात, आणि मग दिवस 'वाया गेला नाही' हे दाखवायला ऑनलाइन तासाचा कागद कामी येतो. शिवाय खासगी शाळांत फी भरणारे पालक विचारतात, सुट्टी तर दिली, पण अभ्यासाचं काय? त्यांनाही काहीतरी दाखवावं लागतं. पण कायद्यातले ते तास मुलांना शिकवण्याचे आहेत. कॅमेरे सुरू करा, आवाज बंद करा, यातच गेलेली चाळीस मिनिटं त्यात कशी धरायची, हे मला गणिताची शिक्षिका असून जमत नाही.

सोपा मार्ग आहे. वर्षाचं नियोजन जूनमध्ये आपण करतोच. त्यात पावसासाठी म्हणून दोन-तीन शनिवार राखून ठेवा. शनिवारी शाळा अर्धवेळच असते, सुट्टी पडली तर त्यातला एखादा पूर्णवेळ भरवू. पाऊस नाही पडला तर राखीव शनिवार मोकळे सोडा, मुलं तुम्हाला दुवा देतील. सुट्टीच्या दिवशी वर्गशिक्षकांना एकच काम सांगा : आपल्या पटावरच्या ज्या मुलांची घरं नदी-ओढ्याकाठी, टेकडीच्या उतारावर आहेत, त्यांच्या घरी फोन करून विचारा, सुखरूप आहात ना, काही हवंय का. आमच्याकडे ती यादी आहे. तोंडपाठ आहे. तो फोन पाच मिनिटांचा असतो आणि त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, म्हणून आजवर कुणी तो मागितलेला नाही.

आणि अभ्यास हवाच असेल, तर एक वाक्य ग्रुपवर टाकू द्या. मी गेल्या वर्षी माझ्यापुरतं टाकलं होतं : 'ज्यांना शक्य आहे त्यांनी गच्चीत किंवा अंगणात उभ्या सरळ भिंतींचा डबा ठेवा, उद्या सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजा.' शिवाजीनगरच्या वेधशाळेतही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजून लिहितात, म्हणून ती वेळ. पुढच्या दिवशी मुलांनी आकडे आणले. एकीचा डबा वरती रुंद आणि खाली निमुळता होता, तिचा पाऊस सगळ्यांपेक्षा जास्त भरला. का भरला, यावर वर्गात जे भांडण झालं ते मी अख्खी तासिका चालू दिलं. एकाचा डबा पागोळ्यांखाली होता, त्याच्याकडे ढगफुटी झाली होती. मग आम्ही हे दोन आकडे बाजूला काढून बाकीच्यांची सरासरी काढली, वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिली, आणि तो फरक सहकारनगर-शिवाजीनगर अंतराचा की आमच्या पट्टीचा, यावर दुसरं भांडण सुरू झालं. त्यासाठी लिंक लागली नाही, हजेरी लागली नाही. ज्यांच्या घरी डबा ठेवायला जागा नव्हती त्यांनी दुसऱ्यांचे आकडे खोडून काढण्याचं काम केलं, आणि ते त्यांना जास्तच चांगलं जमलं.

तरी या पावसाळ्यात पहिली सुट्टी जाहीर व्हायच्या आधी एक साधं परिपत्रक काढावं, ही विनंती. मजकूर मी सुचवते, तुम्ही तुमच्या भाषेत घाला : 'जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केलेल्या दिवशी कोणत्याही इयत्तेचे ऑनलाइन वर्ग घेऊ नयेत. त्या दिवसाची भरपाई राखीव शनिवारी करावी.' खाली सही, शिक्का. पुण्यातले सगळे क्रीडाशिक्षक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या खालच्या मजल्यांवरचे रहिवासी तुमचे आभारी राहतील.

कळावे,
आपली विश्वासू,
सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवणारी एक बाई

ता. क. – डबा स्टीलचा चालेल, प्लॅस्टिकचाही चालेल. घरात विचारून घ्यावा. गेल्या वर्षी एकाने साखरेचा रिकामा करून आणला होता.